म्हसूने राखलेलं बेणं

एका गावात म्हसू नावाचा एक भोळा माणूस राहत होता. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही. सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा.

त्याची बायको हौसा मोठी हिकमती. दरवर्षी लागवडीला बटाट्याचं बेणं बाहेरून आणावं लागे. यंदा तिने घरचंच राखायचं ठरवलं. कुठं चांगलं टिकतं ते कळावं म्हणून त्याचे तीन वाटे केले. एक घरातल्या अंधाऱ्या खोलीत पसरला. दुसरा परसातल्या आंब्याखाली रचून वर वाळकं गवत घातलं. तिसरा तालुक्याच्या कोल्ड स्टोरेजात ठेवला.

"अहो, खोलीतल्या बेण्यावर नजर ठेवा," ती म्हणाली.

म्हसू खोलीच्या दारात बसला. एक बटाटा नासला. म्हसूने तो पाहिला. त्याच्या शेजारचा नासला. तोही पाहिला. घरभर वास सुटला तेव्हा हौसा धावत आली. खोलीत नुसता चिखल.

"नजर ठेवा म्हटलं होतं ना?"

"ठेवली की. एकही माझ्या नकळत नासला नाही."

हौसाने कपाळावर हात मारला. "अहो, पाणी सुटलेला एक जरी दिसला तरी उचलून बाहेर ठेवायचा. नाहीतर शेजारचे सगळे नासतात."

"बरं," म्हसू म्हणाला.

पुढं हौसाच्या भाच्याचं जावळ निघालं. पंगत बसली. मधोमध हौसाचे मामा. मामांना सर्दी झालेली, नाकाला पाणी सुटलेलं. म्हसू पानावरून उठला. त्याने मामांना काखेत धरून उचललं आणि मांडवाबाहेर नेऊन ठेवलं.

"जावईबापू, हे काय?" मामा ओरडले.

"शेजारचे नासतील," म्हसू म्हणाला आणि परत जिलबीकडे वळला.

घरी येईपर्यंत हौसा रडत होती. "मोठं कुणी समोर आलं की हात जोडावे. गार सावलीत बसवावं. पोटभर खाऊ घालावं. एवढंही कळत नाही?"

"आता कळलं."

दुसऱ्या दिवशी गावचा मोकाट बैल परसात शिरला. म्हसूने त्याला नीट न्याहाळलं. मामांपेक्षा मोठा होता. म्हसूने हात जोडले आणि त्याला आंब्याखाली नेलं. बैलाने आधी गवत खाल्लं, मग बटाटे खाल्ले. म्हसू "घ्या, घ्या, लाजू नका" म्हणत पुढं सारत राहिला.

रिकामी जागा बघून हौसा मटकन खालीच बसली. मग उठून म्हणाली, "नीट ऐका. आता एकच वाटा राहिलाय. तोही गेला तर यंदा रान पडीक राहील. बैल बेण्याला हुंगताना दिसला की काठी घ्यायची, ओरडायचं, आणि तो वेशीबाहेर जाईस्तोवर थांबायचं नाही!"

लागवडीचे दिवस आले. हौसा स्वतः भावाला आणि त्याच्या बैलगाडीला घेऊन तालुक्याला गेली. कोल्ड स्टोरेजातलं बेणं टणक राहिलं होतं. पोती भरून ती वरच बसली आणि हसतमुखाने दारात आली. भाऊ खाली उतरून पाणी प्यायला आत गेला. तेवढ्यात डावीकडच्या बैलाने मान वळवली आणि पुढच्या पोत्याला हुंगलं.

म्हसूने काठी घेतली.

थोड्या वेळाने तो घामाघूम होऊन परत आला आणि ओट्यावर टेकला. शेजारचे यदूतात्या धावत आले. "अरे म्हसू, आरडाओरडा कसला?"

"बैल हाकलले. पार वेशीबाहेर."

"आणि बेणं?"

"त्याची काळजी नाही तात्या," म्हसू घाम पुसत म्हणाला. "त्याच्यावर हौसा बसलीय."