उंदरांचा रकाना

"दिवसाला किती जोड्या होतील तुमच्याकडून?"

कुंदा घरतने ओट्यावर टेकायच्या आधीच विचारलं. काखेत कागदाची गुंडाळी होती, खांद्याला पिशवी, आणि हातात फडक्यात बांधलेली गणपतीची मूर्ती.

हिरूबाबा मोकल शाडू मळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कसल्या जोड्या?"

"डोळ्यांच्या, बाबा. आणखी कसल्या?"

पेणच्या आसपास गणपतीचे कारखाने पुष्कळ. साचा कुणीही घालतो, रंग कुणीही देतो. पण मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारे हात मोजकेच. त्यातले निम्मे हिरूबाबांनी तयार केलेले. कुंदाचा नवरा जगन त्यांतला सगळ्यांत चांगला. माघात तो गेला. ताप आला, आणि चार दिवसांत घर रिकामं झालं.

"पाणी घे," बाबा म्हणाले.

"पाण्याला वेळ नाही."

"मग इथे यायला कुठून मिळाला?"

"तो लिहिलेला होता. दोन ते तीन, हिरूबाबा."

बाबा पहिल्यांदा हसले. "बघू तरी, मी कुठे बसलोय."

कुंदाने गुंडाळी उलगडली. जुन्या कॅलेंडरांची पानं पाठीमागून चिकटवून केलेला तक्ता होता. तालुक्याला लहान उद्योजकांसाठी तीन दिवसांचा वर्ग झाला होता, तिथे शिकवलेलं सगळं त्यात उतरलं होतं. सरांनी तिचाच तक्ता भिंतीला लावून सगळ्यांना दाखवला होता. हे ती कुणाला सांगत नसे, पण कुणी विचारलं की लगेच सांगे.

"हे बघा. आडवे दिवस, उभी कामं. साचा, वाळवण, पांढरा हात, अंगाचा रंग, पितांबर, सोनेरी. कोण करणार, किती वाजता, सगळं आहे. तीनशे चाळीस मूर्ती. गाड्या भरायला सतरा दिवस. माझ्या कारखान्यात एक मिनिट वाया जात नाही, बाबा."

"आणि हा रकाना?"

सोनेरीच्या पुढचा रकाना कोरा होता. वरपासून खालपर्यंत.

"तोच तुमचा."

"माझं नाव नाही त्यात."

"तुम्ही हो म्हणालात की लिहीन. शिसपेन्सिल आणलीय."

बाबांनी शाडूचा गोळा उलटा करून पुन्हा दाबला.

"येणार नाही."

"हात दुखतो का?"

"हात चांगला आहे."

"मग?"

"येणार नाही."

...

कुंदाने फडक्याची गाठ उगाच सोडली, पुन्हा बांधली. श्रावणात पेणला आखणीवाला रिकामा मिळत नाही, हे तिला काय कुणी सांगायला हवं होतं? सहा दारं झाली होती. हे सातवं. हे हक्काचं म्हणून शेवटी ठेवलेलं.

"ह्यांचे सख्खे भाऊ असून मनोहरभाऊजी काय म्हणतात माहीत आहे ना? वर्ष व्हायचंय, यंदा कारखाना बंद ठेव, पुढच्या वर्षी मी बघतो. ते एकदा बघायला लागले की मला काय बघायला उरणार? या मूर्ती वेळेवर गेल्या नाहीत तर व्यापारी तुटतील, आणि भाऊजी किल्ली मागायला येतील. आणि तुम्ही नुसतं येणार नाही म्हणता."

"सकाळी आठ ते दहा काय लिहिलंय?" बाबा तक्त्याकडेच बघत होते.

"फोन. व्यापाऱ्यांचे."

"दोन तास?"

"गिऱ्हाईक सांभाळावं लागतं."

"ते दुपारी सांभाळ. जेवल्यावर डोळे पेंगतात, कान पेंगत नाहीत." त्यांनी ओल्या शाडूने माखलेला अंगठा आठ ते दहाच्या चौकटीवर टेकवला. खाली सतराव्या दिवसापर्यंत ओढत नेला. फोनचा सगळा रकाना चिखलाखाली गेला.

"अहो बाबा! दोन रात्री जागून केलाय मी तो!"

"छान केलायस. आता मूर्ती दाखव."

कुंदाने रागारागाने फडकं सोडलं. वीतभर मूर्ती. अंग केशरी, पितांबर पिवळा, मुकुटावर सोनेरी. फक्त डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके. ज्याला मूर्तींची सवय आहे त्यालाही अशा चेहऱ्याकडे फार वेळ बघवत नाही.

बाबा चेहऱ्याकडे बघतच नव्हते. ते खाली वाकले होते. पायाशी मोदक धरून बसलेला उंदीर होता, हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा.

बराच वेळ ते उंदीरच बघत राहिले.

"हा कुणी केला?"

"उंदीर होय? मी. उंदीर बायकाच करतात की. ह्यांनी देवाचे डोळे काढायचे, मी उंदराचे. वीस वर्षं तेच चाललंय."

"यंदाचे किती झाले?"

"सगळे. मागच्या मंगळवारीच संपले."

"तीनशे चाळीस?"

"तीनशे चाळीस."

बाबांनी तक्ता जवळ ओढला. डावीकडून उजवीकडे एकेक रकाना बोटाने चाचपत गेले. मग परत उजवीकडून डावीकडे.

"उंदरांचा रकाना कुठे आहे?"

कुंदाला हसू आलं. "उंदराला कसला रकाना? ते मी मधल्या वेळात उरकते."

"मधला वेळ कुठला? तुझ्याकडे एक मिनिट वाया जात नाही."

...

"ब्रश कुठला वापरलास?"

"ह्यांचाच. पडून होता." ती थांबली. "एवढा बारीक दुसरा नाही घरात."

"आणलायस?"

तिने पिशवीत हात घातला. ब्रश जुन्या रुमालात गुंडाळलेला होता. टोकाचे केस नीट धुतलेले, ओठांनी सरळ केलेले.

"तुमच्यासाठी आणला होता," ती म्हणाली.

बाबांनी तो घेतला नाही. उठून त्यांनी कोनाड्यातली करवंटी आणली, काळा रंग कालवला आणि करवंटी तिच्यासमोर ठेवली. स्वतः पुन्हा शाडूपाशी जाऊन बसले.

कुंदा करवंटीकडे बघत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं.

"भलतंच काय, बाबा! बाईमाणसाने देवाच्या डोळ्याला ब्रश लावायचा? आणि त्यात वर्षाच्या आत? भाऊजींनी बजावून सांगितलंय. एका मूर्तीच्या डोळ्यांना जरी तू हात लावलास तरी गावातून एकही मूर्ती जाऊ देणार नाही, म्हणाले."

"मनोहरने कारखाना बंद ठेव म्हटलं होतं. ते ऐकलंस?"

"नाही ऐकलं."

"हळू आवाजात सांगितलंस?"

"हळू कशाला? सगळ्या आळीने ऐकलं."

"मग हे का ऐकलंस?"

कुंदाने तक्त्याकडे पाहिलं.

आळीत तिने काय काय सुनावलं होतं ते तिला आठवलं. कारखाना माझा, साचे माझे, माणसं माझी. सगळं माझं म्हणून झालं होतं. आणि घरी येऊन तिने तक्ता आखला, तेव्हा एक रकाना न बोलता कोरा सोडला होता. कुणी सोड म्हटलं नव्हतं. पट्टी तिच्याच हातात होती.

"चुकलं तर?" ती म्हणाली.

"उंदराचा चुकतो तेव्हा काय करतेस?"

"पुसते. परत काढते."

बाबा पुन्हा शाडू मळायला लागले.

"तुम्ही येत नाही म्हणजे नाहीच ना?"

"नाही."

"शिकवणार पण नाही?"

"नाही."

"बरं." कुंदाने शिसपेन्सिल उचलली. तक्ता ओट्यावर पसरला आणि कोऱ्या रकान्यात पहिल्या दिवसापासून सतराव्या दिवसापर्यंत आपलं नाव लिहीत गेली. पाचव्या दिवशी कागद फाटला. ती फाटलेल्या जागेवरही लिहीत गेली. नाव लिहिताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. भांडायला निघालेल्या बाईसारखे.

मग तिने पदर खोचला. मूर्ती डाव्या हातात धरली, कोपर गुडघ्यावर टेकवलं. जगन असाच बसायचा. ब्रश करवंटीत बुडवला, कडेला निपटला, श्वास रोखला.

उजवा डोळा. वरची पापणी, खालची पापणी, बुबुळ.

श्वास.

डावा डोळा.

ती मूर्ती लांब धरून बघत राहिली. डावा डोळा उजव्यापेक्षा केसभर मोठा झाला होता. जगनचे डोळे शांत असायचे. हे तसे नव्हते. कुणीतरी दार अडवलंय आणि आत तर जायचंच आहे, असे ते डोळे होते.

तिने मूर्ती बाबांपुढे धरली.

"बाबा, बघा ना. बरे आहेत का?"

हिरूबाबांनी मळलेला गोळा ओल्या फडक्याखाली झाकला. हात धुतले. तीन वाजत आले होते. त्यांनी तक्त्याची गुंडाळी केली आणि तिच्या काखेत दिली.

मूर्तीकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"मला काय विचारतेस? तीनशे एकोणचाळीस राहिले."