आत्याबाईंचं आवळीभोजन

मुकुंदराजाने दुहेरी भिंतींचा महाल बांधला. थंडीत शेगडी लागेना. "आमच्या महालानं रान वाचवलं," असं तो ज्याला त्याला सांगे. आता दुसऱ्या महालाच्या विटा भाजायला देवळीची राई तोडायचा हुकूम सुटला. देवळी हे त्याच्या सगुणाआत्याचं सासर. ती हुकमाबद्दल अवाक्षर बोलली नाही. कार्तिकात तिने राजाला आवळीखाली जेवायला बोलावलं, इतकंच.

पानं मांडली होती राईबाहेरच्या माळावर, पूर्वी तोडलेल्या झाडांच्या खुंटांमध्ये. राजा उन्हाने घामाघूम झाला.

"आत्या, आवळी कुठंय?"

"तुझ्या भिंतीत, बाळा. पहिल्या महालाच्या विटा तिच्यावरच भाजल्या. तू वाचवलेलं रान दाखव, पानं तिकडे मांडते."

राजाने हुकूम मागे घेऊनच हात धुतले. देवळीचं आवळीभोजन अजून सावलीतच होतं, बरं का.