अकरा कंपायलर आणि एक बल्ब

"पण मास्तर, या अकरांतला नेमका कुठला घेऊ?"

शर्वरी खोतनं हे तिसऱ्यांदा विचारलं. इब्राहिम मास्तर टेबलावर वाकून एक तार जोडत होते. विट्याच्या आयटीआयमधून निवृत्त झाल्यापासून ते या छोट्या दुकानात यंत्रं दुरुस्त करतात आणि येईल त्याला शिकवतात. माझा बंद पडलेला मिक्सर घेऊन मी बाजूलाच बसलो होतो.

शर्वरी इंजिनिअर, कॉलेजात पहिली आलेली. नखाएवढ्या चिपला कामाला लावायचं मात्र ती आत्ताच शिकत होती. आपण लिहिलेला प्रोग्राम चिपला कळणाऱ्या आकड्यांत बदलून देतो, तो कंपायलर. असे अकरा कंपायलर तिनं वहीत रकाने आखून तोलले होते. कुठला वेगवान, कुठला सोपा, कुठला जागा कमी खातो... वही पाहून मीच दबकलो.

मास्तरांनी वही चाळली. "अक्षर छान आहे."

"चेष्टा नको, मास्तर. घरी दोनशे अंडी उबवायला ठेवलीत. आईची पहिली खेप. उबवणीच्या पेटीचं तापमान सांभाळणारं यंत्र मी करून देते म्हणाले होते, त्याला दोन महिने झाले. सहा दिवस आई पेटीपासून हललेली नाही. उबेचा बल्ब हातानं लावते, हातानं घालवते. काल तिला चक्कर आली."

"चिप कुठाय?"

तिनं पिशवीतून काढली. पाकीट अजून फोडलेलं नव्हतं.

मास्तरांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मी मिक्सरकडे बघत राहिलो.

"या चिपला सांगायचं काय?"

"तापलं की बल्ब बंद. गार झालं की चालू."

"किती तापलं की?"

शर्वरीनं वही पुढून मागं उलटली. अकरा रकान्यांत ते कुठंच नव्हतं.

"आईला फोन लाव."

तिनं लावला, स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. "आई, बल्ब कधी घालवतीस गं?"

"सदतीस पॉइंट आठ डिग्रीला. सदतीस-चारला उतरलं की लावते."

"आणि मधी?" मास्तरांनी विचारलं.

"मास्तर का? मधी हात लावायचा न्हाई बघा. पहिल्या दिवशी सारखं लाव-घालव केलं, दोन बल्ब उडाले. मग कळलं, त्याला जरा चढू द्यायचं, जरा उतरू द्यायचं. शंका आली तर अंडं पापणीला लावून बघते... शरू, जेवलीस का?"

चालू-बंदच्या मधे थोडं अंतर सोडायचं, यावर कॉलेजात अख्खं प्रकरण होतं आणि शर्वरीला त्यात पैकीच्या पैकी मिळाले होते. आईनं ते दोन बल्ब घालवून शोधलं होतं. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

मास्तर उठले. हातातलं काम खाली ठेवलं आणि टेबलावरच्या त्या फोनला वाकून सलाम केला. चाळीस वर्षं शिकवत आलेला माणूस...

"ठेवते गं, सदतीस-सात झालं," आई म्हणाली.

शर्वरीनं डोळे पुसले. वही मिटली, चिपचं पाकीट फोडलं. मग हळूच म्हणाली,

"मास्तर... कंपायलर?"

"कुठलाही घे. प्रोग्राम तुझ्या आईनं लिहून दिलाय."