हे शून्य कोणाचं?

"मग इथली फाइल पुसून टाकू ना?" यशोधनने विचारलं.

"तिकडे पोहोचली कशावरून?" माई म्हणाल्या.

कृष्णाकाठच्या त्या मठात जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणं होती. माई एके काळी कॉलेजात संगणक शिकवायच्या. आता हा ठेवा सांभाळत होत्या. मठातला संगणक भरत आला होता. म्हणून एकेक फाइल शहरातल्या मोठ्या संगणकावर पाठवायची आणि इथली पुसायची, असं ठरलं होतं. पाठवायची स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला ओळीने द्यायच्या कमांडची यादी, यशोधनने एका बैठकीत लिहिली होती. पुण्याहून शिकायला आलेल्या त्या मुलाला तिचा जरा तोराच होता.

आजची फाइल बायजाबाईंच्या ओव्यांची. बाई पौषात गेल्या. आवाज एवढाच उरला होता.

"हे बघा ना." त्याने पडदा दाखवला. 'फाइल पोहोचली.'

माई उठल्या. संगणकाची नेटची वायर काढून हातात धरली.

"पाठव आता."

त्याने स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर उमटलं, 'फाइल पोहोचली.'

"हे वाक्य कोणाचं?" माईंनी विचारलं.

"माझं."

"लिहिलंस कधी?"

"पाठवायच्या आधी..." यशोधनचे कान तापले. फाइल जावो न जावो, ते वाक्य छापलं जाणारच होतं. पसारा नको म्हणून चुकांचे संदेशही त्यानेच लपवले होते.

"प्रत्येक कमांड जाताना एक आकडा ठेवून जाते," माई म्हणाल्या. "शून्य असेल तर काम झालं."

"यशाला शून्य? असं का, माई?"

"जमणं एकाच तऱ्हेचं. फसण्याच्या तऱ्हा पुष्कळ, आकडे त्यांना लागतात."

त्याला गंमत वाटली. लगेच त्याने भर घातली: फाइल पाठव, 'तपासतो आहे' असं छाप, मग आकडा विचार.

"शून्य!" तो ओरडला.

माईंच्या हातात वायर तशीच होती.

"हे शून्य कोणाचं?"

तो स्क्रिप्टकडे बघत राहिला. वरून खाली, पुन्हा वरून खाली... आकडा नेहमी शेवटच्या कमांडचा. आणि शेवटची कमांड होती 'तपासतो आहे' छापण्याची.

"मी माझ्याच बोलण्याला विचारत होतो," तो हळूच म्हणाला.

छापायची ओळ त्याने काढून टाकली. पाठवल्या पाठवल्या आकडा विचारला. या वेळी शून्य नव्हतं. 'फाइल गेली नाही,' स्क्रिप्ट म्हणाली, आणि स्वतःचं काम फसलेलं पाहून यशोधनला आयुष्यात पहिल्यांदा हसू फुटलं.

माईंनी वायर जोडली. त्याने पुन्हा पाठवली. वेळ लागला... शून्य. खात्रीसाठी पलीकडच्या फाइलचा आकार पाहिला, तोही जुळला.

"माई, पोहोचली. आता खरंच पोहोचली!"

"काय गायल्यात बायजाबाई?"

"ते... ऐकलं नाही मी अजून."

"मग कुठे पोहोचली?"