बाटली कुठे होती?

धावपटू यमुना पाडवीच्या लघवीच्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलं. चौकशी समितीपुढे ती रडवेली झाली. "ते माझ्या पोटात कसं गेलं, मला खरंच माहीत नाही."

"माहीत नाही, हे उत्तर इथे चालत नाही!" अध्यक्ष देवस्थळी कडाडले. "चार वर्षं बंदी!"

तिच्या म्हाताऱ्या प्रशिक्षक गिरिजाबाईंनी चष्मा चढवून नमुन्याचा कागद निरखला. "साहेब, बाटली सोमवारी भरली, प्रयोगशाळेत पोचली गुरुवारी. मधले दोन दिवस ती कुणाच्या ताब्यात होती?"

अध्यक्षांनी कागद उलटसुलट केला. सहीची जागा कोरी होती. "ते... माहीत नाही."

"मग माझ्या पोरीला सोडा, साहेब," गिरिजाबाई म्हणाल्या, "आणि चार वर्षं त्या बाटलीला घरी बसवा."

हसू दाबत अध्यक्षांनी लिहिलं, 'नमुना बाद.'