आटलेला ओढा आणि साळूची गोष्ट

त्या राज्यात ओढा आटत चालला होता आणि त्याविषयी बोलण्याची रीत नव्हती. राजा हत्ती होता. त्याचा मुक्काम ओढ्याच्या उगमाशीच असे आणि खाली किती पाणी पोहोचेल, हे त्याच्या तहानेवर ठरे. गोष्टी मात्र राज्यात भरपूर सांगितल्या जात. फक्त प्रत्येक गोष्ट आधी बगळ्यांच्या साहित्यसभेपुढे मांडावी लागे.

शलाका नावाच्या साळूने तिथे एक गोष्ट मांडली. ओढा पिऊन टाकणाऱ्या राजाची ती गोष्ट तिने जीव ओतून रचली होती. बगळ्यांनी त्या गोष्टीवर एका पायावर उभे राहून चर्चा केली. 'राजा' हा शब्द ढोबळ वाटला म्हणून काढला. राजा गेल्यावर ओढ्याला काही प्रयोजन उरले नाही, तोही गेला. पिण्याचा उल्लेख तर अभिरुचीला धरून नव्हताच. अखेर "एक होता" एवढीच गोष्ट शिल्लक राहिली. तिच्यातल्या संयमाचे सभेने मनापासून कौतुक केले आणि शलाकेच्या अंगावर शाल घातली. शाल काट्यांना अडकून फाटली. हा सभेने उर्मटपणा मानला.

गोष्टीच्या जाहीर कार्यक्रमाला थोरामोठ्यांची गर्दी झाली. "एक होता," शलाका म्हणाली आणि थांबली. सगळ्यांनी माना डोलावल्या. "काय खोली आहे," कोल्हा डुलकीतून जागा होत म्हणाला आणि पुन्हा पेंगू लागला.

शलाका सभेचे अध्यक्ष धवलपंत यांच्याकडे गेली. "पंत, मला ही गोष्ट एकदा पुरती सांगू द्या."

"शलाकाबाई, तुम्ही दमला आहात," धवलपंत मायेने म्हणाले. "तुम्ही आता पिल्लांसाठी लिहा. तिथे मंजुरीसुद्धा लागत नाही. अहो, तिथे ऐकतंय कोण?"

शलाकेला रडू आले. पण सांगितल्याशिवाय तिला राहवत नव्हते, म्हणून ती करवंदीच्या जाळीमागे, पिल्ले खेळत तिथे जाऊन बसली.

"एक होता," तिने सवयीने सुरुवात केली आणि सवयीनेच थांबली.

"कोण?" बुटू नावाच्या रानडुकराच्या पिल्लाने विचारले.

असा प्रश्न तिला सभेत कोणी विचारला नव्हता. "राजा," ती हळूच म्हणाली. "तो सगळा ओढा प्यायला."

"मग मासे कुठे गेले, साळूमावशी?"

इतकी चर्चा करणाऱ्या बगळ्यांना, ज्यांचे पोटच माशांवर चालते, त्यांनाही हे सुचले नव्हते. "उद्या सांगते," शलाका म्हणाली आणि घरी जाऊन विचार करत बसली. दुसऱ्या दिवशी मासे राजाच्या पोटात पोहत होते आणि बाहेर यायची वाट शोधत होते.

पिल्ले माना डोलावत नसत. कंटाळा आला की उठून सरळ खेळायला जात. शलाका मग तेवढा भाग गाळून टाकी. एखादा शब्द बदलला, तर "काल असं नव्हतं" म्हणून तिला अडवत आणि झाली तीच गोष्ट पुन्हा मागत. घरी गेल्यावर पिल्ले ती गोष्ट जेवताना सांगत आणि आंघोळ टाळायला सांगत. त्यांच्या आया त्यांना न्यायला येत, त्या हळूहळू बऱ्याच आधी येऊ लागल्या. पिल्लू समोर बसलेले असले तरी त्या झुडपाआड उभ्या राहून त्याला शोधत असत.

गर्दीची कुणकुण लागून धवलपंत एकदा चिटणिसाला घेऊन आले.

"पंत, यात राजा आहे," चिटणीस कुजबुजला.

"पिल्लांच्या गोष्टीत राजा असतोच," धवलपंत म्हणाले. "शिवाय मासे बोलतात. गोड आहे. चालू द्या."

शलाकेने मान खाली घातली. आपल्याला कोणी मोजत नाही याचे तिला आयुष्यात पहिल्यांदाच बरे वाटले.

भर उन्हाळ्यात राजाचा वाढदिवस आला. ओढ्याच्या कोरड्या पात्रात मांडव घातला होता. राजा मधोमध उभा होता. मोठी मंडळी रांगेत होती आणि धवलपंतांचे गौरवाचे भाषण चालू होते. तेवढ्यात बुटू रांगेतून सटकला, राजाजवळ गेला आणि त्याच्या पोटाला कान लावून उभा राहिला. त्याच्यामागे सशाचे पिल्लू गेले, मग मुंगसाची दोन.

"किती लळा आहे बघा," राजा सुखावून म्हणाला. त्याच्या पोटात गुडगुडले.

बुटूने आईला खुणेने बोलावले. तिने इकडेतिकडे पाहिले, पुढे झाली आणि तिनेही कान लावला. मग हरणे आली, माकडे आली. कोणी कोणाशी बोलत नव्हते. रांग मोडली आणि मांडवात इतकी शांतता पसरली, की धवलपंतांना आपला आवाज मोठा वाटू लागला. ते बोलायचे थांबले. समोर ऐकायला कोणी उरले नव्हते. त्यांचा घसा कोरडा पडला होता. चिटणिसाकडे न बघता ते चार पावले पुढे आले आणि त्यांनी आपली लांब मान राजाच्या पोटाकडे नेली.