पेरॉनेलने कोरा ठेवलेला तळवा

फार वर्षांपूर्वी, किती ते मला विचारू नका, फ्रान्स देशात रोशमाँ नावाचं एक खेडं होतं. गावामागे चुनखडीच्या दगडाची खाण. तिथला गोतिए पाथरवट मूर्ती घडवायचा आणि त्याची बायको पेरॉनेल त्या रंगवायची. बाईचा हात असा, की तिने रंगवलेल्या सफरचंदाला गावातल्या गाई जीभ लावायच्या, असं म्हणतात.

आता खाणीतला ताजा दगड पोटात पाणी घेऊनच येतो. म्हणून गावचा नेम होता: घडवलेली मूर्ती वर्षभर सुकवायची, मगच रंग लावायचा. शेंबडं पोरसुद्धा हे जाणत होतं.

पण एका साली त्यांचा तीन वर्षांचा रेमी तापाने गेला. गोतिएने चर्चसाठी मरियम आणि बाळ येशू घडवायला घेतले, तर बाळाचा चेहरा हुबेहूब रेमीचा उतरला. त्यातच गोतिएची छाती दगडाच्या धुळीने भरली. "त्याचे गाल एकदा लाल झालेले बघू दे गं," तो म्हणाला. मग कसला नेम नि काय! पेरॉनेलने ओल्या दगडालाच रंग लावला. गोतिएने डोळे भरून पाहिलं आणि आठ दिवसांत तोही गेला.

हिवाळा आला. दगडातलं पाणी गोठलं आणि रंगाचे पोपडे सुटले. मरियमआईचे डोळे गेले, बाळाचे गाल गळून पडले. लोक घाबरले. देवमातेने आपल्याकडे पाठ फिरवली, म्हणाले. पाद्रीबाबांनी सांगितलं, मूर्ती चर्चच्या उंबऱ्याखाली पुरून टाका.

पेरॉनेल दार अडवून उभी राहिली. "एक पोर पुरलंय मी, बाबा. तेच दुसऱ्यांदा पुरू देणार नाही. चूक माझी आहे, दगडाची नाही."

"मग ईस्टरपर्यंत निस्तर," पाद्रीबाबा म्हणाले. "नाहीतर खड्डा तयार आहे."

मूर्तीला कुणी हात लावेना. हसू नका, पण कमरेएवढी ती मूर्ती तिने रेमीला बांधायची तशी पाठीला बांधली आणि एकटीने टेकडीवरच्या घरी नेली, असं म्हणतात. चुलीपासून चार हात लांब ठेवली, कारण आच जास्त लागली तर दगड तडकतो. आणि बसली पाझरणारं पाणी पुसत. आधी फडकी संपली, मग गोतिएचे सदरे, मग काढली रेमीची दुपटी. शेजारणी सांगून दमल्या, "अगं, वर्षाचं काम तीन महिन्यांत होतं का कुठे?" पण पालथ्या घड्यावर पाणी! नवरा गेला, पोर गेलं, तरी ती रडली नव्हती. तिच्या वाटचं तो दगडच रडला. असं म्हणतात, की पाण्याचा ओहोळ तिच्या दारातून निघून खाली गावात आला.

ईस्टरच्या आठवड्यात रेमीचं शेवटचं दुपटं कोरडं निघालं. मग तिने रंग कालवले. आईचा निळा झगा, पिवळेधमक केस, बाळाचे लाल गाल. फक्त बाळाचा उजवा तळवा कोरा ठेवला.

"हा विसरलीस," पाद्रीबाबा म्हणाले.

"विसरले नाही. आत पाणी उरलं असेल तर त्याला वाट नको? गाल पुन्हा गळू देणार नाही मी."

पाद्रीबाबांनी स्वतःच्या हाताने खड्डा बुजवला. तो रंग अजून टिकून आहे.

अजूनही रोशमाँमध्ये थंडी पडायच्या आधी घरोघरच्या आया आपल्या बाळाचं दुपटं घेऊन चर्चमध्ये जातात आणि तो कोरा तळवा पुसतात. जिचं पोर गेलेलं असतं, तिचा मान पहिला. दगड केव्हाच सुकलाय, तरी तिचं दुपटं ओलं होतंच, असं म्हणतात.